बिडी सोडल्यावरची चक्कर, रात्रीची धडधड आणि ‘सगळे नॉर्मल’ असलेला रिपोर्ट

प्रश्न यवतमाळ जिल्ह्यातील एका शेतकऱ्याचा आहे. वय ४६, बावीस वर्षे बिडी, शेवटी शेवटी दिवसाला दीड बंडल. १९ दिवसांपूर्वी त्यांनी बिडी एकदम सोडली. तिसऱ्या दिवसापासून डोके भणभणते, तोंड आले आहे, पोट साफ होत नाही आणि झोप तुटते. दुसऱ्या आठवड्यापासून रात्री अंथरुणावर पडले की छाती आवळल्यासारखी होते, धडधड सुरू होते, दोन्ही हातांना व ओठांभोवती मुंग्या येतात आणि ‘आता आपले काही खरे नाही’ असे वाटते, आणि हे वाढतच चालले आहे. दिवसभर वावरात डवरा धरला तरी छातीला काही होत नाही. दोन डॉक्टर झाले. ईसीजी आणि रक्ततपासणी नॉर्मल आली, एकाने सलाइन लावली, दुसऱ्याने ‘टेन्शन घेऊ नका’ म्हणून घरी पाठवले. साळ्याचे म्हणणे असे की शरीराला इतक्या वर्षांची सवय आहे, रोज दोन बिड्या ओढल्या तर सगळे जागेवर येईल. पत्राच्या शेवटी जाता जाता एक ओळ आहे: दम लागतो म्हणून मेडिकलमधून आणलेली एक गोळी ते चार वर्षांपासून सकाळ-संध्याकाळ घेतात आणि ती डॉक्टरांना सांगण्यासारखी गोष्ट त्यांना वाटली नाही.

भाऊ, तुमच्या पत्रातील मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली ओळ ही शेवटचीच आहे. तिच्याकडे येण्याआधी बिडी सुटल्यावरचा त्रास नेमका कसा चालतो हे सांगतो, कारण त्याला स्वतःचे एक वेळापत्रक असते आणि ते ठाऊक असले की कोणता त्रास त्यात बसतो व कोणता बसत नाही हे घरबसल्याही बरेचसे कळते.

निकोटिन रक्तातून लवकर जाते. साधारण दर दोन तासांनी त्याचे प्रमाण निम्मे होते, म्हणजे रात्री बिडी विझवून झोपलेला माणूस सकाळी उठतो तेव्हा त्याचे शरीर निकोटिनसाठी भुकेलेले असते, आणि पहिली बिडी इतकी गोड लागते ती त्यामुळेच. सोडल्यानंतरची चिडचिड, बेचैनी, उदासी, लक्ष न लागणे, भूक वाढणे आणि झोप मोडणे हे सारे पहिल्या चोवीस तासांत सुरू होते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जोरात असते आणि दोन ते चार आठवड्यांत ओसरत जाते. मधूनमधून एखादा वाईट दिवस येतो, पण आठवड्याला आठवडा लावून पाहिला तर त्रास उतरणीला लागलेला दिसायला हवा. मी रुग्णांना नेहमी एवढेच विचारतो की हा त्रास केव्हा सुरू झाला आणि मागच्या सोमवारपेक्षा या सोमवारी कमी आहे की जास्त. जो त्रास बिडी सोडण्याच्या आधीपासून होता, किंवा जो दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात नव्याने सुरू होऊन वाढतच चालला आहे, त्याचे खापर बिडी सोडण्यावर फोडता येत नाही. त्याचे कारण वेगळे शोधावे लागते.

तुमचे तोंड येणे, पोट आणि डोके या वेळापत्रकात बसते. बिडी सोडल्यावर पहिल्या दोन आठवड्यांत तोंड येण्याची तक्रार इतके लोक करतात की मी ती आधीच सांगून ठेवतो, म्हणजे ‘सोडली आणि तोंड सडले’ असा गैरसमज होत नाही. हे फोड बहुधा महिन्याच्या आत भरून येतात. एकाच जागी राहिलेला, कडा कडक झालेला, न दुखणारा फोड मात्र तीन आठवड्यांपुढे घरी ठेवू नये. तीच गोष्ट पांढऱ्या चट्ट्याची आणि तोंड कमी उघडण्याची. स्वतःची तीन बोटे उभी धरून दातांमध्ये जातात का ते आजच पाहा. खर्रा (तंबाखू-सुपारीचे मिश्रण) खाणाऱ्या आपल्या भागात ही तपासणी प्रत्येकाने करण्यासारखी आहे. पोटाचे म्हणाल तर निकोटिन आतड्यांना ढकलत असते, आणि ‘बिडी ओढल्याशिवाय परसाकडे होत नाही’ असे म्हणणारा माणूस खोटे बोलत नसतो. ती ढकल गेल्यावर आतड्याला स्वतःच्या चालीवर यायला काही आठवडे लागतात. तोवर सकाळी उठताच दोन पेले कोमट पाणी, जेवणात पालेभाजी आणि लागलेच तर रात्री इसबगोल एवढे पुरते.

डोके भणभणण्याला माझ्या अनुभवात एक साधे कारण असते, जे तपासणीत सापडत नाही. बिडी सकाळची भूक मारते. वर्षानुवर्षे तुम्ही पहाटे कोरा चहा आणि दोन बिड्या घेऊन वावरात गेला असाल, आणि अकरापर्यंत पोटाने काही मागितले नसेल. आता बिडी नाही, पण सवय तीच राहिली आहे. रिकाम्या पोटी डवरा धरून दहा वाजता डोळ्यांपुढे अंधारी आली तर त्यात गूढ काही नाही. अर्धी भाकर खाऊन घराबाहेर पडा आणि चार दिवस फरक पाहा.

आता रात्रीची धडधड. ती दुसऱ्या आठवड्यात सुरू झाली आणि वाढते आहे, म्हणून ती या वेळापत्रकात बसत नाही. इथे निकोटिनपेक्षा धुराचा संबंध जास्त आहे. बिडीच्या धुरात असे काही घटक असतात की ज्यांच्यामुळे यकृतातील एक विकर (एन्झाइम) नेहमीपेक्षा जोरात काम करते आणि काही औषधे, तसेच चहातील कॅफिन, झपाट्याने शरीराबाहेर काढते. धूर बंद झाला की हे विकर आठवडाभरात मूळ गतीवर येते. चहा तेवढाच पिऊनही रक्तातील कॅफिन जवळजवळ दुपटीवर जाऊ शकते. दिवसाला सहा-सात कप चहा पिणारा माणूस बिडी सोडल्यावर जणू दहा-बारा कप प्यायला लागतो, आणि रात्री धडधड, हात थरथरणे, झोप न येणे हे सगळे ‘बिडी सुटल्यामुळे’ म्हणून सोसत बसतो. चहा निम्मा करा आणि दुपारी चारनंतर अजिबात घेऊ नका. हा प्रयोग फुकट आहे, आणि आठवड्यात उत्तर देतो.

दम्याच्या गोळीचे गणित हेच आहे, फक्त जास्त धोक्याचे. आपल्याकडे मेडिकलमधून दम्यासाठी म्हणून सर्रास मिळणाऱ्या गोळ्यांपैकी अनेकींत थिओफायलिन (श्वासनलिका मोकळ्या करणारे औषध) असते. तुमच्या गोळीचे नाव तुम्ही लिहिलेले नाही, त्यामुळे तीच आहे असे मी म्हणत नाही. पण तीच असेल तर बिडी ओढत असताना ठरलेला डोस बिडी सोडल्यावर जास्त होतो. सोडल्यानंतरच्या पहिल्याच आठवड्यात तिची गरज सुमारे चतुर्थांश ते तृतीयांशाने घटते. रक्तात वाढलेले थिओफायलिन म्हणजे मळमळ, डोकेदुखी, थरथर, धडधड आणि उडालेली झोप. फारच वाढले तर हृदयाची लय बिघडते, झटकेही येतात. हा बदल धुरामुळे होतो, निकोटिनमुळे नाही. म्हणूनच नुसता खर्रा सोडणाऱ्याला तो होत नाही, आणि बिडी सोडून निकोटिनचे च्युइंगम घेणाऱ्याला मात्र होतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या बाह्यरुग्ण विभागात साठीच्या घरातले एक गृहस्थ आले होते. बिडी सोडून बारा दिवस झाले होते. पाणी दिले तर पेला ओठापर्यंत नेताना निम्मे पाणी सदऱ्यावर सांडले, इतका हात थरथरत होता. नाडी १२४. ‘मले काही नाही हो, सोडल्यावर असंच होते म्हणते सारे,’ असे तेच मला समजावत होते. मी औषधे विचारली तर ‘काहीच नाही’ म्हणाले. त्यांच्या पत्नीने न बोलता वायरच्या पिशवीतून प्लास्टिकची पन्नी काढली आणि टेबलावर उलटी केली. त्यातून रक्तदाबाच्या गोळीची एक पट्टी, पित्ताच्या दोन-चार कॅप्सूल, रंग उडालेले कॅल्शियम आणि कात्रीने कापलेला, नावाचा भाग गेलेला एक तुकडा निघाला. त्या तुकड्यावर उरलेली तीन अक्षरे वाचून मी मेडिकलला फोन लावला, तेव्हा गोळी कोणती ते कळले. डोस कमी केल्यावर आठवडाभरात त्यांचा हात स्थिर झाला. त्या दिवसापासून बिडी सोडणाऱ्या प्रत्येक माणसाला मी ‘औषधे कोणती घेता’ असे न विचारता ‘घरातली पिशवी घेऊन या’ असे सांगतो.

ही गोळी मनानेच बंद मात्र करू नका, कारण दमा खरा असेल तर तो रात्री उसळू शकतो. पाकीट घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात जा आणि ‘१९ दिवसांपूर्वी बिडी सोडली’ हे वाक्य पहिले बोला. मधुमेहाचे इन्सुलिन, रक्त पातळ करणारे वॉरफरिन आणि मानसिक आजारांतील ओलान्झापिन व क्लोझापिन यांच्याही बाबतीत बिडी सोडल्यावर डोस पुन्हा पाहावा लागतो. घरात आणखी कोणी बिडी सोडत असेल तर हे त्यांनाही सांगा.

छाती आवळण्याबद्दल थोडे सावध बोलतो. तुमच्या वर्णनात धीर देणाऱ्या दोन गोष्टी आहेत. कष्टाचे काम करताना त्रास होत नाही आणि स्वस्थ पडल्यावर होतो, तसेच मुंग्या दोन्ही हातांना व ओठांभोवती एकाच वेळी येतात. भीतीने श्वास उथळ व भरभर चालला की रक्तातील कार्बन डायऑक्साइड घटतो आणि नेमक्या अशाच मुंग्या येतात. मुंग्यांनी भीती वाढते, भीतीने श्वास आणखी भरभर चालतो, आणि पाच-दहा मिनिटांत माणसाला मरण समोर दिसते. अशा वेळी उठून बसा, श्वास नाकाने सावकाश घ्या आणि घेण्याला लागला त्याच्या दुप्पट वेळ लावून सोडा. दहा-बारा श्वासांत मुंग्या उतरू लागल्या तर त्या कशाच्या होत्या हे तुमचे तुम्हालाच कळेल. मुंग्या पायांत असतील आणि सतत राहात असतील, तर साखर आणि बी-१२ तपासून घ्यावे.

पण बावीस वर्षे बिडी ओढलेल्या ४६ वर्षांच्या माणसाला मी केवळ एका नॉर्मल ईसीजीवर सोडणार नाही. ईसीजी ही त्या काही सेकंदांची नोंद असते. हृदयाच्या रक्तवाहिनीत अडथळा असूनही आराम करताना काढलेला ईसीजी सरळ येऊ शकतो. चढ चढताना, कट्टा उचलताना किंवा भरभर चालताना छाती भरून येऊन थांबल्यावर मोकळी होत असेल, तर तीच खरी धोक्याची खूण, आणि तेव्हा पुढची तपासणी जिल्ह्याच्या ठिकाणी करून घ्यावी लागते. छाती दाबल्यासारखी दुखून दहा मिनिटांत थांबली नाही, घाम सुटला, कळ डाव्या हातात किंवा जबड्यात गेली, तर ‘बिडी सोडल्याचे असेल’ म्हणून सकाळची वाट पाहू नये. १०८ लावावा. गाडी येईपर्यंत चालत रस्त्यावर जाण्याचाही खटाटोप करू नये.

इथे माझी एक चूक सांगतो. सोडल्यानंतर पहिले काही आठवडे खोकला व कफ वाढतो, कारण धुराने निपचित पडलेले श्वासनलिकेतील सूक्ष्म केस पुन्हा हलू लागतात आणि साचलेली घाण वर ढकलतात. हे मी इतक्यांना सांगितले होते की एका रुग्णाचा खोकलाही मी त्याच खात्यावर मांडला आणि महिनाभर वाट पाहायला सांगितले. त्याचे वजन उतरत होते. बिडी सोडलेल्या माणसाचे वजन सहसा वाढते, हे मला माहीत असूनही मी काट्याकडे पाहिले नाही. तो क्षयरोग निघाला, आणि तोवर त्याच्या घरातले दोघे त्याच खोलीत झोपत होते. बिडी ओढणाऱ्यांत क्षयरोगाचा धोका न ओढणाऱ्यांच्या सुमारे दुप्पट असतो. खोकला दोन आठवड्यांपुढे गेला की थुंकीची तपासणी, मग माणसाने बिडी सोडलेली असो वा नसो. ती सरकारी दवाखान्यात मोफत होते. थुंकीत रक्त, संध्याकाळचा बारीक ताप, उतरणारे वजन किंवा महिनाभर बसलेला आवाज यांपैकी काहीही असेल तर छातीचा एक्स-रे लगेच करून घ्यावा.

माणसे बिडी सोडतात ती बऱ्याचदा आतून काही बिघडल्याची चाहूल लागते म्हणूनच, हे आम्हा डॉक्टरांनीही विसरू नये. दुखणे आधीचे असते, सोडणे नंतरचे, आणि गावात मात्र हिशोब उलटा लागतो: ‘सोडली आणि खाटेवर पडला.’

हंगामाकडेही पाहिले पाहिजे. तुम्ही डवरणीच्या दिवसांत लिहिले आहे, पुढे कपाशीवर फवारणी सुरू होईल. २०१७ साली तुमच्याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, ते कोणी विसरलेले नाही. फवारणीनंतर चक्कर, मळमळ, फार घाम, तोंडाला सुटलेले पाणी, डोळ्यांतून पाणी, अंधुक दिसणे किंवा स्नायू फडफडणे यांपैकी काही झाले तर ते बिडीचे नाही. अंगावरचे कपडे काढून साबणाने आंघोळ करा आणि औषधाचा डबा सोबत घेऊन दवाखाना गाठा. दुसरी गोष्ट दारूची. माळ घातली किंवा मुलीचे लग्न ठरले म्हणून काही जण बिडी आणि मोहाची एकाच दिवशी सोडतात. रोज पिणाऱ्याने अचानक थांबवल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येणारी थरथर, घाम, भास किंवा झटके हे दारू सुटल्याचे असतात आणि जिवावर बेतू शकतात. तुम्ही पत्रात दारूचा उल्लेख केलेला नाही. तसे असेल तर ते डॉक्टरांपासून लपवू नका.

एवढे सगळे करूनही काही त्रासाला नाव मिळत नाही. अशा रुग्णांना ‘काही नाही’ म्हणण्याच्या आम्हा लोकांच्या सवयीने बरेच नुकसान होते, कारण त्रास तर रोज होत असतो आणि मग तो माणूस दवाखाने बदलत फिरतो, प्रत्येक ठिकाणी नवी सलाइन आणि नवी तपासणी. नॉर्मल रिपोर्टचा अर्थ एवढाच की ज्या गोष्टी तपासल्या त्या आज ठीक आहेत. माझा सल्ला असा की एक डॉक्टर धरा, दर पंधरा दिवसांनी त्यांनाच दाखवा, आणि मधल्या काळात मुलांच्या जुन्या वहीत रोज एक ओळ लिहा: त्रास कोणता, किती वाजता, त्याआधी काय खाल्ले-प्यायले, काय काम चालू होते, किती वेळ टिकला. लिहिता येत नसेल तर मुलगी लिहील. पत्नीलाही विचारा, कारण रात्रीचा श्वास, घोरणे आणि चिडचिड यांची खरी नोंद तिच्याकडे असते. तीन आठवड्यांची अशी वही मला स्कॅनपेक्षा जास्त सांगून जाते. उदासी दोन आठवडे हटली नाही किंवा जगण्याचा कंटाळा मनात येऊ लागला, तर १४४१६ या टेलिमानस (सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनी) क्रमांकावर बोला आणि त्याच दिवशी घरच्यांनाही सांगा. इथे मात्र वहीत लिहीत वाट पाहायची नाही.

साळ्यांच्या दोन बिड्यांबद्दल. त्या ओढल्या तर पंधरा मिनिटे बरे वाटेल, हे ते बरोबर सांगतात. पण दोन तासांनी तीच भूक परत येईल आणि १९ दिवस मोजून संपवलेला त्रास पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू होईल. हळूहळू कमी करत जाणे ही पद्धत चुकीची नाही, पण ती सोडण्याच्या आधीची आहे. सुटलेली बिडी पुन्हा धरून ती करायची नसते. बिडीऐवजी पानठेल्यावर खर्रा घोटून घेणे हाही उपाय नव्हे. त्यात निकोटिन तेच आहे, आणि वर सुपारीने तोंड आखडण्याची भर. शरीराला निकोटिन हवेच असे वाटले तर २ मिलिग्रॅमचे निकोटिनचे च्युइंगम चिठ्ठीशिवाय मिळते, मात्र छातीचा प्रश्न डॉक्टरांनी निकाली काढल्यानंतरच ते सुरू करा. ते चॉकलेटसारखे चघळायचे नाही. तिखट चव येईपर्यंत सावकाश चावायचे, मग गालात दाबून ठेवायचे, चव गेली की पुन्हा चावायचे. भरभर चघळले तर उचकी लागते, घसा व पोट जळते, आणि वहीत एक नवा ‘अनाकलनीय’ त्रास वाढतो. च्युइंगम घेतल्यावर अर्ध्या तासात बेचैनी निवळली तर ती निकोटिनचीच होती असे समजायला हरकत नाही. तलफ स्वतः काही मिनिटांचीच असते. त्या वेळी बोलायला कोणी हवे असेल तर १८००-११-२३५६ ही राष्ट्रीय तंबाखूमुक्ती मदतवाहिनी मोफत आहे.

या आठवड्यात तुम्ही एवढे करा. चहा निम्म्यावर आणा, सकाळी खाऊन निघा, आणि पोळ्याची पाहुणेमंडळी येण्याआधी गोळीचे पाकीट व दोन्ही जुने रिपोर्ट घेऊन दवाखान्यात जाऊन या. नाडी मोजायला सांगा, रक्तदाब आडवे पडून एकदा आणि उभे राहून एकदा घ्यायला सांगा, वजन करा आणि आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहा. गोळी थिओफायलिनची निघाली तर डोस किती करायचा ते तिथले डॉक्टर ठरवतील. दमा खरोखर आहे का, असेल तर त्यासाठी पंप जास्त योग्य ठरेल का, हेही त्यांना त्याच भेटीत विचारा. गोळी दुसरीच कोणती निघाली आणि चहा कमी करूनही दहा दिवसांत धडधड हलली नाही, तर थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि हृदयाची पुढची तपासणी यांचा नंबर लागतो, आणि तेव्हा ती वही घेऊनच जा.